स्वस्तातला इम्पोर्टेड माल अंगाशी आला तर धरायचं कोणाला? पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्यांसाठी

जून-जुलैत पुण्यात नवीन आलेल्या पोरापोरींची रूम लावायची गडबड सुरू होते आणि सगळ्यांची यादी जवळपास सारखीच असते, एक्स्टेन्शन बोर्ड, पाणी तापवायचा रॉड, चार्जर, पॉवर बँक, एलईडीची माळ. निम्मी खरेदी तपकीर गल्लीत नाहीतर डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये, निम्मी रात्री मोबाईलवर. मग यातलं काहीतरी जळतं, फुगतं, शॉक देतं, आणि सगळे एकच वाक्य बोलतात, "जाऊ दे, चायनाचा माल, त्या कंपनीला कुठे शोधत बसणार?"

कंपनी शोधायची गरजच नाही. कंपनी सापडत नसेल तर ज्याने तुम्हाला विकलं तो जबाबदार, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. फक्त तो धरायला त्याचं नाव-पत्ता तुमच्याकडे कागदावर पाहिजे, आणि आपल्याकडे गाडं अडतं ते नेमकं इथेच. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं अर्धं खरेदीच्या आधीचं आहे.

आधी कायदा, थोडक्यात

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या जुन्या कायद्यात वस्तू खराब निघाली तर भरपाई वगैरे होतं, पण वस्तूमुळे माणसाला इजा झाली, घर जळलं तर त्यासाठी वेगळं प्रकरण नव्हतं. नव्या कायद्यात ते आहे, सहावं प्रकरण, उत्पादन दायित्व, कलम ८२ ते ८७. बनवणाऱ्यासाठी ८४, दुरुस्ती-सर्व्हिस देणाऱ्यासाठी ८५ आणि विकणाऱ्यासाठी ८६.

आपल्या कामाचं ८६. विकणारा स्वतः बनवणारा नसला तरी तो कधी अडकतो त्याची यादीच तिथे दिलीय. त्याने वस्तूत काही बदल केला आणि त्यातून इजा झाली, त्याने स्वतःच्या तोंडाने वेगळी गॅरंटी दिली आणि ती खोटी ठरली, वस्तू नीट तपासली-जोडली नाही किंवा बनवणाऱ्याने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, असे प्रकार. आणि त्यातच एक फार कामाचं: बनवणारा कोण तेच माहीत नाही, किंवा माहीत आहे पण त्याला नोटीस पोचवता येत नाही, किंवा त्याला भारतातला कायदाच लागू होत नाही, तर विकणारा जबाबदार. शेन्झेनच्या कुठल्यातरी गाळ्यात बनलेल्या चार्जरला यापेक्षा फिट्ट बसणारं वाक्य कुठलं असणार!

आणि विक्रेता म्हणजे फक्त काउंटरवरचा माणूस नाही हं. व्याख्येत आयात करणारा, वाटप करणारा, पॅक करून लेबल लावणारा, सगळे येतात. त्यामुळे मुंबईचा इम्पोर्टर, इथला होलसेलर आणि ज्याच्याकडून घेतलं तो, तिघांचीही नावं तक्रारीत घालता येतात, आणि घालावीतच. छोटा दुकानदार बिचारा खरंच काही जाणत नसतो कधीकधी, पण त्याचं नाव घातलं की तोच मुकाट्याने इम्पोर्टरचं बिल काढून दाखवतो, हा माझा अनुभव आहे. युरोपातही उलट्या टोकाने हेच चाललंय, तिथे १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात बसलेला कोणीतरी जबाबदार माणूस नावानिशी दाखवल्याशिवाय बाहेरचा माल विकताच येत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. चार्जर नुसता बंद पडला तर ती सदोष वस्तूची तक्रार, पैसे परत किंवा बदलून द्या एवढंच. चार्जरमुळे हात भाजला, गादी पेटली, लॅपटॉप गेला तर ते उत्पादन दायित्व. त्यात औषधपाण्याचा खर्च, जळलेल्या बाकीच्या वस्तू, शारीरिक इजेसोबतचा मानसिक त्रास हे सगळं येतं, फक्त त्या चार्जरची स्वतःची किंमत या 'हानी'त धरत नाहीत, ती वेगळी मागायची.

पायरी पहिली: डबा उलटा करा

समोरची बाजू बघू नका, तिथे फक्त "सुपर फास्ट" आणि बिजलीचं चित्र असतं. मागे किंवा तळाला बारीक अक्षरात काय आहे ते बघा. पॅकबंद इम्पोर्टेड वस्तूवर इम्पोर्टरचं नाव आणि पूर्ण पत्ता, कुठल्या देशात बनलं, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल हे असलंच पाहिजे, वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापं बघणाऱ्या सरकारी खात्याचे, २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत त्यासाठी. बऱ्याचदा हे एका पांढऱ्या स्टिकरवर असतं, चिनी छपाईवर चिकटवलेलं. स्टिकर असणं चांगलंच, म्हणजे कोणीतरी भारतातला माणूस आपलं नाव देऊन उभा आहे. स्टिकरच नसेल, किंवा त्यावर "इम्पोर्टेड बाय" पुढे नुसतं "मुंबई" असेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, खाली ठेवा.

मग वस्तू हातात घ्या. एक्स्टेन्शन बोर्डचंच सांगतो, कारण रूमवर सगळ्यात जास्त भार त्याच्यावर पडतो. वायर हाताने वाकवून बघा, जाड दिसते पण वजनच नाही असं वाटलं तर जाडी सगळी प्लास्टिकची आहे, आत तारा केसाएवढ्या. प्लगला दोनच पिना आणि बोर्डावर मात्र तीन भोकांची सॉकेटं, म्हणजे अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं, आत त्याला काही जोडलेलंच नाही. कुठलाही प्लग बसेल असलं भोक असेल तर कुठलाच प्लग घट्ट बसणार नाही, सैल पिनेपाशी ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक तिथूनच पिवळं पडायला लागतं. असल्या बोर्डावर दीड हजार वॅटचा रॉड लावणारे महाभाग मी बघितलेत.

चार्जरमध्ये प्रश्न दिसत नाही कारण तो आत असतो. भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातल्या केबलचे ५ व्होल्ट यांच्यामध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किट बोर्डावर ठरावीक मोकळी जागा असते, तेवढीच तुमच्यातली आणि करंटमधली भिंत. पैसे वाचवायचे तर हीच जागा कमी करतात, इन्सुलेशन पातळ करतात, फ्यूज काढून टाकतात. मोबाईल चार्ज होतोच, म्हणून आपल्याला वाटतं चांगला आहे. पॉवर बँकेला निदान वजनाची परीक्षा आहे, साध्या गोल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास आणि क्षमता फार तर तीन-साडेतीन हजार एमएएच, म्हणजे वीस हजारवाल्या बँकेत असे निदान सहा सेल लागतात, ती पाव किलोपेक्षा हलकी असेल तर वीस हजार हा आकडा डब्यावरच आहे.

पायरी दुसरी: नंबर तपासा, शिक्का नाही

शिक्का कोणीही छापतो. बीआयएस म्हणजे मालाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था, तिचं बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, फुकट आहे, दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होतं.

दोन प्रकार आहेत. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, हेल्मेट, प्रेशर कुकर, खेळणी यांना आयएसआय मार्क लागतो, त्याच्या वर आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल असा लायसन्स नंबर. रॉडचा आयएस ३६८, हेल्मेटचा ४१५१, कुकरचा २३४७. खेळण्यांना हे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं, १४ वर्षांखालच्या मुलांची सगळी खेळणी, साध्यांना आयएस ९८७३ आणि सेलवर-विजेवर चालणाऱ्यांना १५६४४. दुसरा प्रकार चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब वगैरेंचा, त्यांच्यावर आर- पुढे आठ आकडे असतात. ॲपमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळा रकाना आहे. नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या वस्तूसाठी लायसन्स आहे आणि ते चालू आहे का ते येतं. नाव जुळत नसेल किंवा लायसन्स भलत्याच वस्तूचं निघालं (हे बरेचदा निघतं) तर त्याच ॲपमधून तक्रारही टाकता येते, आणि बीआयएसचं शाखा कार्यालय पुण्यातही आहे.

सीई असं लिहिलेलं दाखवून दुकानदार "इंटरनॅशनल सर्टिफिकेट आहे" म्हणाला तर हसून सोडून द्या. ते युरोपच्या बाजारासाठी असतं, बऱ्याच वस्तूंवर बनवणारा स्वतःच ते छापतो, इथे ते दाखवून आयएसआय टळत नाही.

पायरी तिसरी: बिल

"बिल पाहिजे तर अठरा टक्के वाढतील." हे वाक्य ऐकलं नाही असा पुणेकर सापडायचा नाही. आता हिशोब करा, तीनशेच्या वस्तूवर चोपन्न रुपये. त्या चोपन्न रुपयांत तुम्ही दुकानाचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर आणि तारीख विकत घेताय, म्हणजे उद्या ज्याला धरायचं त्याचा पत्ता. आणि मुळात एमआरपीत कर धरलेलाच असतो, एमआरपीच्या वर अठरा टक्के लावणं हेच चूक.

बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराकडे जीएसटी नंबर नसेल, छोटं दुकान असेल, तरी साधं छापील किंवा हाताने लिहिलेलं बिल चालतं, फक्त त्यावर दुकानाचं नाव, तारीख आणि वस्तूचं नाव-मॉडेल पाहिजे, नुसतं "इले. सामान" नको. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी कॅश काउंटरच्या वर कितीही मोठ्या अक्षरात लावली असली तरी सदोष मालाला ती लागू होत नाही, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

अगदीच बिल मिळालं नाही तर निदान पैसे यूपीआयने द्या आणि दुकानाच्या पाटीसकट एक फोटो काढून ठेवा. बिलाची सर नाही त्याला, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. फुटपाथवरच्या माणसाकडून घेतलं असेल तर खरं सांगायचं तर काही होत नाही, उद्या तो तिथे नसतोच. करंट जाणारी वस्तू फुटपाथवरून घेऊ नका एवढंच सांगेन, कपडे-चपला घ्या की हवं तेवढं.

ऑनलाइन घेत असाल तर

ऑर्डर करायच्या आधी वस्तूच्या पानावर "सोल्ड बाय" आणि "कंट्री ऑफ ओरिजिन" बघा आणि स्क्रीनशॉट काढा, कारण काही भानगड झाली की ती लिस्टिंग गायब होते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मार्केटप्लेसने (म्हणजे ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखं, दुसऱ्यांचा माल विकू देणारं ॲप) विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन दाखवायचा असतो आणि खरेदीनंतर तुम्ही लेखी मागितलं तर त्याच्या मुख्य ऑफिसचा पत्ता, ईमेल हे सगळं द्यावं लागतं. मागा. ईमेलनेच मागा, चॅटवर नको, चॅटवाला "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न" म्हणत बसतो आणि चॅट संपली की तुमच्याकडे काही उरत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असा नियम आहे.

मार्केटप्लेस म्हणणार आम्ही फक्त मधले, विकणारा वेगळा. हा वाद मोठा आहे आणि प्रत्येक केसमध्ये नव्याने चालतो, पण दरवेळी ते हात झटकून सुटतात असं नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय नसलेले प्रेशर कुकर विकू दिले म्हणून ॲमेझॉनला एक लाखाचा दंड केला, विकलेल्या २,२६५ कुकरांच्या गिऱ्हाइकांना कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे द्या असा आदेश काढला, तसाच ५९८ कुकरांसाठी फ्लिपकार्टला. ॲमेझॉन त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली तो भाग वेगळा. तर तक्रारीत विक्रेता आणि मार्केटप्लेस दोघंही घाला, कोण सुटायचं ते ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, ठरवेल.

आणि मामेभावाने दुबईहून आणलेली वस्तू? तिला इथे विकणारा कोणी नाहीच. ती आपल्या जोखमीवर.

पायरी चौथी: अपघात झाला त्या दिवशी

मेन स्विच बंद. विजेच्या आगीवर पाणी मारू नका. आग असेल तर १०१. माणूस भाजला, शॉक लागला तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. फक्त डॉक्टरांना कशामुळे झालं ते वस्तूचं नाव घेऊन सांगा, "घरी भाजलं" एवढंच केस पेपरवर आलं तर पुढे चार्जरचा संबंध जोडणं जड जातं. लहान मुलाने खेळण्यातला बटन सेल गिळला अशी शंका जरी आली तरी वाट बघू नका, दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, सरळ मोठ्या हॉस्पिटलला पळा आणि जाताना ते खेळणं बरोबर घ्या.

मग फोटो, काही हलवायच्या आधी. जळलेली वस्तू, सॉकेट, भिंत, आजूबाजूचं सामान, लांबून आणि जवळून. वस्तूवरचं लेबल आणि नंबर वेगळा. फायर ब्रिगेड आली असेल तर त्यांच्या रिपोर्टसाठी अर्ज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक इथेच फसतात. जळलेली वस्तू कोणालाही देऊ नका. दुकानदार गोड बोलतो, "द्या काका, कंपनीला पाठवतो, नवीन देतो", तुम्ही देता, तो नवीन देतोही, आणि पुरावा गेला. आमच्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं, पोराच्या हाताला टाके पडले, दुकानदाराने नवाकोरा चार्जर आणि वर एक इअरफोन दिला, आणि नंतर दवाखान्याचं बिल मागायला गेले तर "कुठला चार्जर?" वस्तू, डबा, बिल एका पिशवीत घालून तारीख लिहून कपाटात ठेवा. उघडून बघू नका, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही उघडू देऊ नका, कारण वस्तूत फेरफार केला होता किंवा ती चुकीची वापरली होती हे समोरच्याने दाखवलं तर कलम ८७ खाली तो सुटतो. आयोगाला गरज वाटली तर तो सील करून लॅबला पाठवतो, रिपोर्ट ४५ दिवसांत यायचा असतो आणि लॅबची फी आधी तुम्हालाच भरावी लागते.

पायरी पाचवी: नोटीस आणि १९१५

वकील लागत नाही. साध्या मराठीत एक पान लिहा: काय घेतलं, कधी, कोणाकडून, काय झालं, किती नुकसान, काय पाहिजे, आणि पंधरा दिवसांची मुदत. बिलाची, फोटोंची, दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स जोडा. दुकानदार, इम्पोर्टर, मार्केटप्लेस, सगळ्यांना स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टातलं जुनं रजिस्टर आता त्यातच विलीन झालंय, आणि पोच मागून घ्या. नोटीस सक्तीची नाही पण बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

बरोबर १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते कंपनीशी बोलून तडजोड घडवतात, मोठ्या ब्रँडच्या बाबतीत चांगलं काम होतं, पण त्यांना भरपाईचा आदेश काढता येत नाही हे ध्यानात ठेवा. त्यांच्या उत्तराची वाट बघत वर्ष घालवू नका.

तीच वस्तू अजून विकली जातेय आणि आणखी लोकांना धोका आहे असं दिसत असेल तर कलेक्टर किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करता येते, माल बाजारातून परत मागवायचा अधिकार प्राधिकरणाला आहे. डब्यावर इम्पोर्टरचं नावच नसेल तर वैधमापन विभाग. हे तुमच्या भरपाईसाठी नाही, पण याची कागदं पुढे आयोगात उपयोगी पडतात.

पायरी सहावी: जिल्हा आयोग

इथे लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते फीचं. कुठल्या आयोगात जायचं आणि फी किती हे तुम्ही किती नुकसान मागताय त्यावर ठरत नाही, वस्तूसाठी किती पैसे मोजले त्यावर ठरतं. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. म्हणजे तीनशेच्या चार्जरने दहा लाखांचं घर जाळलं तरी तक्रार जिल्हा आयोगातच आणि फी काही नाही. सुप्रीम कोर्टानेही २०२५ मध्ये ही पद्धत योग्य ठरवली.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथे करता येते, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी पुण्याच्या आयोगात. घरबसल्या करायची तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. मुदत दोन वर्षं. वस्तू घरातल्या एकाने घेतली आणि इजा दुसऱ्याला झाली तरी चालतं, मूल असेल तर आई-वडील करतात. मात्र दुकानात विकायला किंवा धंद्यासाठी घेतलेली असेल तर तुम्ही ग्राहकच नाही, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर सूट आहे.

तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी. हे लिहिताना अडलात तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना गाठा, ही चळवळ १९७४ साली पुण्यातूनच उभी राहिलीय, माणसं सापडतात. समोरच्याला जबाब द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५, त्यानंतर घेतला जात नाही. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, लॅब तपासणी असेल तर पाच महिन्यांत लागला पाहिजे, प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तयारी ठेवूनच जा. मधे आयोग समेटासाठी पाठवेल, आकडा ठीक असेल तर घेऊन टाका.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरचा पैसे देत नाहीये, तर त्याच आयोगात कलम ७१ आणि ७२ खाली अर्ज करायचा. ७२ मध्ये महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही आहे. अर्जात दुकानाचं नाव बिलावर आहे तसंच घाला, पाटीवरचं नाव आणि मालकाचं जीएसटीवरचं नाव वेगळं असलं तर दोन्ही लिहा, नाहीतर वॉरंट घेऊन गेलेला माणूस "या नावाचं इथे कोणी नाही" ऐकून परत येतो.